शनीच्या घरात अजून काही ठरलेलं नाहीये

मार्च २०२५ मधे एक बातमी आली होती, शनीचे १२८ नवीन चंद्र सापडले आणि एकूण आकडा २७४ झाला. सगळीकडे एक-दोन ओळींत आली आणि गेली. "शनी झाला चंद्रांचा राजा" असं काहीतरी हेडिंग, खाली कड्यांचा तोच नेहमीचा सुंदर फोटो, संपलं. मला तेव्हापासून या विषयावर लिहायचं होतं कारण त्या आकड्यात जी गोष्ट आहे ती कोणी सांगितलीच नाही. आपल्याला शाळेत ग्रह आणि त्यांचे चंद्र असे शिकवतात की जणू कोणीतरी एकदा सगळं मांडून ठेवलं आणि तेव्हापासून ते तसंच फिरतंय. शनीच्या बाबतीत हे अजिबात खरं नाही. तिथे चंद्र बाहेरून पकडले गेलेत, एकमेकांवर आपटून फुटलेत, एकाची धूळ दुसऱ्याच्या तोंडावर जाऊन बसतेय, दोन चंद्र तर चक्क जागा बदलतात, आणि हे सगळं अजून चालू आहे, आत्ता मी हे टाइप करतेय तेव्हासुद्धा.

आधी ते १२८ कुठून आले ते सांगते. हवाईमधे मौना केआ नावाचा पर्वत आहे, त्यावर कॅनडा-फ्रान्स-हवाई अशी एकत्र दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅश्टन आणि त्यांच्या टीमने तिथून २०१९ ते २०२१ मधे शनीच्या आजूबाजूच्या आकाशाचे फोटो घेतले. त्यातून ६२ चंद्र पक्के झाले (ते २०२३ मधे जाहीर झाले), पण त्यांच्या लक्षात आलं की अजून बरेच ठिपके आहेत ज्यांचा माग पूर्ण लागलेला नाही, म्हणून २०२३ मधे परत तीन महिने तेच आकाश धुंडाळलं आणि मग हे १२८. पद्धत मला फार आवडते. हे चंद्र जेमतेम काही किलोमीटरचे, एकेका फोटोत ते दिसतच नाहीत, इतके अंधुक. मग काय करतात, एकाच जागेचे काही तास ओळीने फोटो काढतात आणि शनी आकाशात ज्या वेगाने सरकतोय त्या वेगाने प्रत्येक फोटो थोडा थोडा सरकवून एकावर एक रचतात. असं केलं की मागचे तारे लांबट रेघा होऊन जातात आणि शनीसोबत चालणारी वस्तू मात्र एकाच पिक्सेलवर साचत साचत ठिपका म्हणून वर येते. पण ठिपका दिसला म्हणजे चंद्र झाला असं नाही, तो वाटेत आलेला एखादा लघुग्रहही असू शकतो, म्हणून महिनोन्महिने, वर्षानुवर्षं परत परत पकडून त्याची कक्षा काढायची, ती खरंच शनीभोवतीच आहे हे दाखवायचं आणि मगच आंतरराष्ट्रीय खगोल संघटना त्यावर शिक्का मारते. किती चिकाटीचं काम आहे बघा.

गुरू आणि शनी यांच्यात मधे चांगलीच चुरस होती. फेब्रुवारी २०२३ मधे गुरू ९२ चंद्र घेऊन पुढे गेला, तेव्हा शनीचे ८३ होते, आणि मे महिन्यात शनीने ते अंतर भरून काढून वर मुसंडी मारली. आता मार्च २०२५ नंतर तर बाकी सगळ्या ग्रहांचे चंद्र एकत्र केले तरी शनीची बरोबरी होत नाही.

पण खरी गंमत आकड्यात नाही, त्या २७४ मधले कोण कुठे आहेत त्यात आहे. २४ चंद्र आत, शनीच्या विषुववृत्ताच्या आसपास, शहाण्यासारखे गोल गोल फिरणारे. उरलेले २५० बाहेर, कोटी-दोन कोटी किलोमीटरवर, लंबुळक्या आणि तिरक्या कक्षांमधे, आणि त्यातले बहुतेक उलटे फिरतात. म्हणजे शनी ज्या दिशेने स्वतःभोवती फिरतो त्याच्या विरुद्ध दिशेने. जो चंद्र ग्रहासोबत त्याच चकतीतून तयार झाला तो उलटा फिरणार नाही, म्हणून हे बाहेरचे सगळे मूळचे शनीचे नाहीत, सूर्यमाला नवीन असताना जवळून जाताना पकडले गेलेले आहेत. आणि पकडले गेले तेव्हा ते अडीचशे नव्हते, मोजकेच मोठे तुकडे होते. मग ते एकमेकांवर आपटले, फुटले, त्यांचे तुकडे परत आपटले. हे कसं कळलं तर या चंद्रांच्या कक्षा झुंडीझुंडीने सारख्या आहेत, एका झुंडीतले सगळे साधारण एकाच तिरकेपणाने आणि अंतराने फिरतात, म्हणजे एका आईचे तुकडे. नवीन सापडलेल्यांतले खूपसे मुंडिलफारी नावाच्या चंद्राच्या आसपासच्या झुंडीत आहेत, आणि तिथे लहान तुकड्यांची संख्या इतकी जास्त आहे की ती टक्कर गेल्या दहा कोटी वर्षांतली असावी असं या टीमचं म्हणणं आहे. दहा कोटी ऐकायला खूप वाटतं पण सूर्यमालेचं वय साडेचारशे कोटींच्या वर आहे. दहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर डायनोसॉर फिरत होते, सह्याद्रीचा काळा दगड अजून लाव्हा म्हणून बाहेरसुद्धा आला नव्हता. त्या मानाने ही अगदी अलीकडची तोडफोड.

या बाहेरच्या टोळीतली सगळ्यात मोठी फीबी. साधारण २१३ किलोमीटर, काळीकुट्ट, उलटी फिरणारी, शनीपासून जवळजवळ एक कोटी तीस लाख किलोमीटरवर, एक फेरी मारायला दीड वर्ष. पेरूमधल्या आरेकिपा इथल्या वेधशाळेत १८९८ मधे काढलेल्या फोटोच्या काचांवरून विल्यम पिकरिंग यांनी ती १८९९ मधे शोधली, फोटोवरून शोधलेला हा पहिला चंद्र. जून २००४ मधे शनीच्या अभ्यासासाठी पाठवलेलं कॅसिनी यान शनीकडे पोचता पोचता तिच्या जवळून गेलं, तेव्हाचे फोटो नक्की बघा, अंगभर खड्डे, आणि खड्ड्यांच्या कडा जिथे ढासळल्यात तिथे आतून पांढरा बर्फ दिसतोय. म्हणजे काळा नुसता वरचा थर आहे.

आता इथून मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते सुरू होतं.

१६७१ मधे पॅरिसच्या वेधशाळेत जोव्हानी कॅसिनी (यानाला ज्यांचं नाव दिलं ते) यांना शनीच्या पश्चिमेला एक नवीन चंद्र दिसला. आपण आज त्याला आयापेटस म्हणतो. काही आठवड्यांनी तो फिरून पूर्वेला यायला हवा, तर तिथे काहीच नाही. परत पश्चिमेला आला की दिसायचा, पूर्वेला गेला की गायब. कॅसिनींनी यावरून निष्कर्ष काढला की या चंद्राची एक बाजू उजळ आहे आणि दुसरी काळी, आणि आपला चंद्र जसा पृथ्वीकडे एकच तोंड ठेवतो तसाच हाही शनीकडे ठेवतो, म्हणून पूर्वेला असताना आपल्याकडे नेहमी काळी बाजूच येते. नुसत्या "दिसला, नाही दिसला" एवढ्यावरून! १७०५ मधे जास्त चांगल्या दुर्बिणीतून त्यांना तो पूर्वेला सापडला, अतिशय अंधुक. म्हणजे चौतीस वर्षांनी. आणि निष्कर्ष तंतोतंत बरोबर होता, आज त्या काळ्या भागाला कॅसिनी रेजिओ असंच नाव आहे. माझ्या मते खगोलशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या तर्कांपैकी हा एक आहे आणि याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय.

पण तो असा अर्धा काळा अर्धा पांढरा का, हे कळायला तीनशेहून जास्त वर्षं लागली. २००९ मधे स्पिट्झर या अवरक्त (म्हणजे उष्णतेचे किरण टिपणाऱ्या) दुर्बिणीने शनीभोवती एक प्रचंड मोठं, पूर्वी कोणीच न पाहिलेलं कडं शोधलं. ते आपल्या ओळखीच्या कड्यांच्या पार बाहेर, फीबीच्या कक्षेपाशी आहे. इतकं विरळ की एका घन किलोमीटरमधे धुळीचे दहा-वीस कण, म्हणून साध्या प्रकाशात दिसत नाही, पण डोळ्यांना दिसलं असतं तर शनीच्या दोन्ही बाजूंना एकेक पौर्णिमेचा चंद्र ठेवल्याएवढं आकाश व्यापलं असतं. ही धूळ फीबीची. तिच्यावर बारीकसारीक उल्का आपटत राहतात, धूळ उडते, आणि सूर्यप्रकाशाच्या परिणामाने ते कण हळूहळू आत शनीकडे घसरत येतात. वाटेत पहिला मोठा चंद्र लागतो तो आयापेटस. आता फीबी उलटी फिरते म्हणून तिची धूळपण उलटी, आणि आयापेटस सरळ फिरतो, त्यामुळे दोघांची समोरासमोर गाठ पडते. पावसात स्कूटर चालवताना आपला पुढचा भाग चिंब होतो आणि पाठ बऱ्यापैकी कोरडी राहते ना, तसंच, धूळ सगळी आयापेटसच्या पुढच्या तोंडावर बसते.

इथेच थांबलं असतं तर तो नुसता थोडा मळकट दिसला असता. पण पुढे जे होतं ते भारी आहे. काळी जागा जास्त ऊन शोषते, आयापेटसचा एक दिवस ७९ पृथ्वी-दिवसांचा आहे, त्यामुळे ऊन एकेका जागेवर आठवडेच्या आठवडे पडत राहतं. तरी तापमान काही फार नाही, काळ्या भागात दुपारी उणे १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास, पांढऱ्या भागात उणे १६०. हा जो पंधरा अंशांचा फरक आहे तोच सगळं करतो. काळ्या भागातला बर्फ अगदी सावकाश वाफ होऊन उडतो, बर्फ गेला की मागे राहिलेला गाळ अजून काळा दिसतो, म्हणून तो अजून तापतो, अजून बर्फ उडतो. आणि ती उडालेली वाफ कुठे जाते, तर ध्रुवांवर आणि मागच्या थंड पांढऱ्या बाजूला जाऊन गोठते, म्हणजे ती बाजू अजून पांढरी होते. एकदा सुरू झालेला फरक स्वतःलाच वाढवत नेतो. कॅसिनी यानाच्या २००७ च्या फोटोंत काळ्या प्रदेशात मधेच लहान लहान पांढरे खड्डे दिसतात, काहीतरी आपटून वरचा काळा थर फोडून खालचा बर्फ उघडा पडलाय, म्हणजे हा काळा थर फार जाड नाहीच. मी तो फोटो कितीतरी वेळा झूम करून बघितलाय. करोडो वर्षं चाललेली प्रक्रिया आणि थर काही ठिकाणी जेमतेम फूटभर!

आयापेटसच्या विषुववृत्तावर तेराशे किलोमीटर लांबीची डोंगररांगपण आहे, काही ठिकाणी वीस किलोमीटर उंच, पण ती कशी झाली यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही म्हणून त्यात शिरत नाही. एक मात्र सांगते, शनीचे बाकीचे मोठे चंद्र कड्यांच्याच पातळीत फिरतात, म्हणजे त्यांच्यावर उभं राहिलं तर कडी नुसती एक सरळ रेघ दिसणार. आयापेटसची कक्षा पंधराएक अंश तिरकी आहे. त्यामुळे मोठ्या चंद्रांपैकी शनीचं आपण चित्रात बघतो तसं रूप फक्त तिथूनच दिसेल.

आता आत येऊया. जेनस आणि एपिमेथियस. डिसेंबर १९६६ मधे शनीची कडी पृथ्वीवरून बरोबर आडवी, म्हणजे धारेवर आली होती. तेव्हा ती दिसेनाशी होतात आणि त्यांच्या झगमगाटात लपलेले छोटे चंद्र दिसू शकतात. (१७८९ मधे हर्शल यांनी मिमास आणि एन्सेलाडस शोधले तेही अशाच वेळी.) फ्रान्समधे ऑदुआं दोलफ्यूस यांना एक चंद्र सापडला, तीनच दिवसांनी अमेरिकेत रिचर्ड वॉकर यांनीही एक पाहिला. सगळ्यांना वाटलं दोघांनी एकच पाहिलाय, पण कक्षेचं गणित काही केल्या जुळेना. बारा वर्षं जुळलं नाही! १९७८ मधे फाउंटन आणि लार्सन यांनी दाखवून दिलं की ते एक नाही दोन चंद्र आहेत आणि दोघं जवळजवळ एकाच कक्षेत आहेत, आणि १९८० मधे व्हॉयेजर १ यानाने ते डोळ्यांनी पाहिलं.

दोघांच्या कक्षांमधे फरक फक्त पन्नास किलोमीटरचा, आणि दोघांचे व्यास शंभराच्या वर. म्हणजे आतल्याने बाहेरच्याला गाठलं तर ओव्हरटेक करायला जागाच नाही, धडक व्हायलाच हवी. पण होत नाही, आणि का होत नाही हे कळलं तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठून दोन चकरा मारल्या होत्या. आतला थोडा जास्त वेगाने फिरतो म्हणून साधारण चार वर्षांत बाहेरच्याला मागून गाठायला येतो. जवळ आला की पुढचा त्याला पुढे ओढतो. पुढे ओढल्याने त्याला ऊर्जा मिळते, ऊर्जा मिळाली की तो बाहेरच्या कक्षेत जातो, आणि बाहेरच्या कक्षेत गेला की त्याचा वेग कमी होतो! त्याच वेळी पुढचा मागे ओढला जातो, ऊर्जा गमावतो, आत येतो आणि जोरात पळायला लागतो. म्हणजे दहा-पंधरा हजार किलोमीटरवर येऊन, एकमेकांना न शिवता, दोघांनी जागा बदलली आणि लांब गेले. पुढच्या चार वर्षांनी परत हेच, उलट. कॅसिनी यान तिथे असताना २००६, २०१० आणि २०१४ मधे ही अदलाबदल झाली. सूर्यमालेत अशी दुसरी जोडी आपल्याला माहीत नाही.

कड्यांच्या आतपण चंद्र आहेत. पॅन हा कड्यांमधल्या एन्के नावाच्या फटीत बसलाय, सव्वातीनशे किलोमीटर रुंदीची ती फट तोच साफ ठेवतो, आणि मार्च २०१७ च्या फोटोंत दिसलं की कड्यांतला बारीक माल त्याच्या कमरेवर साठून एक धारदार कंगोरा झालाय. डॅफ्निस तर आठ किलोमीटरचाच, पण त्याच्या नुसत्या जाण्याने फटीच्या काठांवर लाटा उठतात. २००९ मधे शनीवर विषुवदिन असताना सूर्य कड्यांना समांतर होता तेव्हा त्या लाटांच्या लांब सावल्या कड्यांवर पडलेल्या फोटोत स्पष्ट दिसतात. एरवी कडी म्हणजे सपाट चकती वाटते, त्या फोटोत तिला उंची आहे हे कळतं.

एन्सेलाडसबद्दल बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं, तरी थोडं सांगतेच. पाचशे किलोमीटर व्यास, मुंबई-नागपूर अंतरापेक्षाही कमी, जवळजवळ शुद्ध पांढरा. एवढासा गोळा कधीच आतपर्यंत गोठून मेलेला असायला हवा होता. २००५ च्या फेब्रुवारी-मार्चमधे कॅसिनी त्याच्या जवळून दोनदा गेलं आणि यानावरच्या मॅग्नेटोमीटरला (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाला) शनीचं चुंबकीय क्षेत्र एन्सेलाडसपाशी वाकताना दिसलं, जणू तिथे वातावरण आहे. त्या उपकरणाच्या प्रमुख मिशेल डॉहर्टी यांच्या टीमने आग्रह धरला की पुढच्या वेळी अजून जवळून जाऊया, आणि मिशनने ऐकलं, जुलैमधली फेरी पावणेदोनशे किलोमीटरपर्यंत खाली आणली. आणि दक्षिण ध्रुवावर सापडल्या चार समांतर भेगा, प्रत्येकी सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब, आजूबाजूपेक्षा गरम, आणि त्यांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण अवकाशात फेकले जातायत. नोव्हेंबरमधे फवाऱ्यांचे फोटोच आले. एका उपकरणाच्या आकड्यांतला छोटासा वाकडेपणा कोणीतरी गांभीर्याने घेतला म्हणून हे सगळं झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

उष्णता कुठून येते? डायोनी नावाचा त्याच्या बाहेरून फिरणारा चंद्र एक फेरी मारतो तेवढ्यात एन्सेलाडसच्या दोन होतात, त्यामुळे डायोनीचा धक्का त्याला परत परत एकाच ठिकाणी बसतो आणि त्याची कक्षा पूर्ण गोल होऊच शकत नाही. ३३ तासांच्या प्रत्येक फेरीत तो शनीच्या थोडा जवळ थोडा लांब होतो, शनी त्याला मळत राहतो, त्या घर्षणाने आत पाणी द्रवरूपात राहतं. शनीपासून सगळ्यात लांब असताना भेगा जास्त उघडतात आणि फवारे जोरदार होतात, हेपण मोजलं गेलंय. बर्फाच्या कवचाखाली पूर्ण गोलाभर समुद्र आहे हे २०१५ मधे त्याच्या डुलण्यावरून कळलं. फवाऱ्यांमधे मीठ सापडलं, सिलिकाचे कण सापडले (म्हणजे तळाशी गरम पाणी खडकाला लागतंय), हायड्रोजन सापडला, आणि २०२३ मधे फॉस्फेटपण. आणि त्या फवाऱ्यातला जो माल परत खाली पडत नाही त्याचं शनीभोवती एक आख्खं कडं झालंय, ई कडं. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने २०२२ मधे पाहिलं तेव्हा वाफेचा पिसारा जवळजवळ दहा हजार किलोमीटरपर्यंत पसरलेला होता, पाचशे किलोमीटरच्या चंद्रातून!

याच्यामुळेच १५ सप्टेंबर २०१७ ला कॅसिनी यान मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून जाळलं. इंधन संपत आलं होतं, ताबा सुटून ते कधीतरी एन्सेलाडसवर किंवा टायटनवर पडलं असतं आणि त्यावर पृथ्वीवरचे जंतू शिल्लक असते तर तिथलं सगळं बिघडलं असतं. तेरा वर्षं काम केलेल्या यानाबद्दल हा निर्णय घेणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

टायटनवर वेगळी पोस्ट लिहायला लागेल, म्हणून थोडक्यात. १६५५ मधे खगोलशास्त्रज्ञ हायगेन्स यांनी शोधला, शनीचा पहिला माहीत झालेला चंद्र. बुध ग्रहापेक्षा मोठा. शनीभोवती कड्यांसकट जे काही फिरतंय त्याच्या वस्तुमानाचा ९६ टक्के भाग एकटा टायटन आहे, म्हणजे बाकीचे २७३ मिळून उरलेल्या चारात. दाट वातावरण, उणे १७९ अंश, मिथेनचा पाऊस, मिथेनच्या नद्या आणि समुद्र. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स याच नावाचं युरोपचं छोटं यान तिथे पॅराशूटने उतरलं आणि तासभराहून जास्त वेळ जमिनीवरून माहिती पाठवत राहिलं, फोटोत गोलसर गोटे दिसतात, नदीपात्रात असतात तसे, फक्त ते पाण्याच्या बर्फाचे. २०२८ मधे ड्रॅगनफ्लाय नावाचं उडणारं यान निघायचं आहे, २०३४ मधे पोचेल. पण आजच्या विषयाशी जोडलेली गोष्ट ही की टायटन दर वर्षी ११ सेंटिमीटरने शनीपासून लांब चाललाय. आपला चंद्र जवळपास चार सेंटिमीटरने जातो. ११ हा आकडा २०२० मधे आला आणि तो आधीच्या अंदाजाच्या शंभर पट होता, त्यामुळे शनीचे चंद्र आज जिथे आहेत तिथे पूर्वी कधी नव्हतेच हे मान्य करावं लागलं.

मिमासचंही तसंच. चारशे किलोमीटरचा, अंगावर त्याच्या एक तृतीयांश रुंदीचा एक खड्डा, वरून बघितलं तर पूर्ण निर्जीव. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत व्हॅलेरी लेनी यांच्या टीमने त्याच्या कक्षेच्या सरकण्यावरून दाखवलं की याच्याही पोटात वीस-तीस किलोमीटर खाली समुद्र आहे, आणि तो अडीच कोटी वर्षांपेक्षाही तरुण असावा. अडीच कोटी! म्हणजे पृष्ठभागाला अजून पत्तासुद्धा लागलेला नाही. कड्यांबद्दलही अशी एक मांडणी २०२२ मधे झाली की सोळाएक कोटी वर्षांपूर्वी शनीचा अजून एक मोठा चंद्र टायटनमुळे अस्थिर होऊन शनीच्या फार जवळ गेला, फाटला, आणि त्याचाच चुरा म्हणजे ही कडी. ही अजून मांडणीच आहे, सगळे मानत नाहीत, पण मला ती पटण्यासारखी वाटते.

आपल्याकडे शनी म्हटलं की साडेसाती आठवते, अजूनही कितीतरी घरांत मुलांना या ग्रहाची भीती घातली जाते, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. ज्या मुलाने एकदा दुर्बिणीतून शनी पाहिला त्याला भीती वाटत नाही, त्याला प्रश्न पडतात. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, यांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम असतात, मुलांना घेऊन जा.

आणि जाल तेव्हा नुसती कडी बघून मागच्याला जागा देऊ नका, चंद्र दाखवा म्हणून सांगा. शनी २०२६ मधे ४ ऑक्टोबरला आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतोय, पाऊस सरलेला असतो, रात्रभर दिसतो. मार्च २०२५ मधे कडी धारेवर आली होती त्यामुळे अजून ती बारीकच आहेत, पण चंद्र बघायला ते उलट बरंच. टायटन छोट्या दुर्बिणीतूनही दिसतो, जास्तीत जास्त लांब असताना कड्यांच्या रुंदीच्या साधारण साडेचारपट अंतरावर. चार इंची (म्हणजे भिंगाचा किंवा आरशाचा व्यास चार इंच) दुर्बीण असेल तर रिआ नावाचा चंद्रपण मिळतो. आयापेटस पश्चिमेला असताना चार-पाच इंचीत दिसतो, पण तो कड्यांच्या तेरापट लांब असतो, म्हणून लोक तारा समजून सोडून देतात, मोबाईलवर स्टेलॅरियम हे आकाशाच्या नकाशाचं अ‍ॅप उघडून जागा आधी बघून ठेवा. आणि एकदा पश्चिमेला सापडला की साधारण चाळीस दिवसांनी त्याच दुर्बिणीतून पूर्वेला शोधा. तिथे तो पाच पटींपर्यंत अंधुक झालेला असतो, चार इंचीत बहुतेक मिळणार नाही, आठ इंची कोणाकडे असेल तर त्यांना गाठा.